‘ना’ म्हणायचं नाही

वरच्या पठारावर नदी एका खड्ड्यात गडप होते आणि खाली घळीच्या तळाशी, कड्याच्या पायथ्यातून एक झरा भसाभस बाहेर पडतो. दोन्हीकडचं पाणी एकच, असं दादा कित्येक वर्षं सांगत आला होता. लोक ऐकून माना डोलावत आणि चहा संपला की विसरून जात. या वर्षी मात्र त्याला वरच्या खड्ड्यात हिरवा रंग टाकायची परवानगी मिळाली होती. रंग निरुपद्रवी होता. परवानगी देणारे तितकेसे नव्हते. हे एकदाच, पुन्हा मागायला आलात तर दारात उभं करणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. रंग टाकून झाला होता. आता झरा हिरवा होतो का ते डोळ्यांनी पाहायचं, पाणी बाटल्यांत भरायचं आणि फोटो काढायचे, एवढ्यासाठी चौघं त्या घळीत उतरले होते. रंग नेमका कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आला की काही तासांत वाहून जाणार, एवढं मात्र नक्की होतं.

दादा भूगोल शिकवायचा. पन्नाशी ओलांडली तरी कडे चढण्यात तरण्यांना घाम फोडणारा, पण बोलण्यात महाकंजूष. हो म्हणायचं तर मान, नाही म्हणायचं तरी मान, आणि ‘बघू’ म्हणायचं असेल तर मान जराशी तिरकी. आई हयात असताना म्हणायची, याचं तोंड फक्त जेवायला उघडतं.

त्याची धाकटी बहीण हाडांची डॉक्टर होती, त्यातही पाठीच्या आणि मानेच्या मणक्यांची. इस्पितळात तिच्यासमोर भले भले चळचळा कापत. घरच्यांसाठी ती ठमी होती आणि ठमीच राहणार होती. बरोबर डॉक्टर हवा म्हणून दादाने तिला ओढून आणलं होतं, आणि पहिल्या उतारापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. कुणी दगडावरून उडी मारली की तिला त्याचे घोटे दिसत, कुणी कड्याकडे वर पाहिलं की मणके दिसत. काळजी करणं हा तिचा धंदाच होता, आणि तो घरी ठेवून येता येत नाही.

तिसरा गाठ्या. दोर, गाठी, रबरी होडी, सगळं त्याच्याकडे. चौथा दादाचा शाळासोबती, फोटोवाला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि का म्हणत ते सांगायची गरज नाही. घळीत उतरल्यापासून तो बंद म्हणून झाला नव्हता.

घळीतून वाहणाऱ्या दुसऱ्या एका नदीच्या काठाने ते खाली चालले होते, आणि झरा आता एकाच वळणापलीकडे होता. पाण्याची घरघर ऐकू येत होती. दादा पुढे, नेहमीपेक्षा झपाझप. शेवाळलेल्या एका धोंड्यावर त्याचा पाय पडला, आणि सटकला! तो तोंडावरच आपटला. हेल्मेटची पुढची कड समोरच्या खडकावर बसली आणि डोकं खाडकन मागे फेकलं गेलं. तो आवाज ठमीने नंतर कितीतरी दिवस ऐकला.

बाकीचे पोचेपर्यंत दादा उठून उभा होता. हेल्मेट काढून त्यावरची खोक बघत तो चक्क हसला.

“लागलं नाही ना रे?” रेडिओने विचारलं.

दादाने मानेने नाही म्हटलं. म्हणजे म्हणायला गेला. मान अर्ध्यात थांबली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“जरा लचकलीय,” तो म्हणाला. “दोन मिनिटं आडवा होतो.”

नदीकाठच्या सपाट खडकावर तो टेकला. ठमीने हात-पाय तपासले. सगळं जागच्या जागी, सगळं हलत होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला जरा बधिर वाटतंय, तो म्हणाला, हेल्मेटचा पट्टा काचला असेल. तिने पट्टा बघितला. पट्टा सैल होता, काचण्यासारखा नव्हताच. मग तिने स्वतःला दटावलं. सगळ्यांत आजार बघायची तुझी खोडच आहे, ती मनात म्हणाली.

“चला,” दादा म्हणाला आणि उठू लागला. उठताना त्याने दोन्ही हात डोक्यामागे नेले, आणि भरलेला हंडा उचलावा तसं स्वतःचं डोकं हातांनी उचलून घेतलं.

तो काय करतोय हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. ठमीला मात्र कळलं. विद्यार्थ्यांना ती हेच घोकून घेत असे: पडल्यानंतर जो माणूस आपलं डोकं हातांनी सावरत उठतो, त्याची मान वरच्या बाजूला मोडली आहे असं धरून चाला. माणूस ते ठरवून करत नाही. शरीराला कळलेलं असतं आणि ते बिचारं हातांना कामाला लावतं.

“दादा, आहेस तसा थांब. हात काढू नकोस.” ती धावत त्याच्या मागे गेली, आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले आणि डोकं घट्ट धरलं. “गाठ्या, याच्या पाठीला हात दे. आता मी सांगते तसा हळूहळू मागे. सगळा एकदम.”

“अगं ठमे, मी चालू शकतो,” दादा आडवा होता होता म्हणाला.

“तेच तर,” ती म्हणाली.

मग तिने तिघांना समजेल असं सांगितलं. मानेचा सगळ्यांत वरचा मणका म्हणजे एक कडं. त्याखालच्या मणक्याला वर आलेला एक खुंटा असतो, आणि जात्याची वरची तळी मधल्या खुंट्याभोवती फिरावी तसं ते कडं त्या खुंट्याभोवती फिरतं, तेव्हा कुठे आपली मान वळते. जोरात आपटलं तर खुंटा बुडाशी मोडतो. मान खालच्या भागात मोडली की हात-पाय बहुधा लगेच लुळे पडतात, कारण तिथे मज्जारज्जूला जागा बेताची. वर जागा ऐसपैस. त्यामुळे खुंटा मोडलेला माणूस चालतो, हसतो. तिच्याकडे एक जण स्वतः गाडी चालवत आला होता, मान आखडली म्हणून.

“म्हणजे तेवढं वाईट नाही,” रेडिओ आशेने म्हणाला.

“मोडका खुंटा एका वेड्यावाकड्या हिसक्याने सरकला तर मज्जारज्जू चिरडतो. श्वासाच्या नसा तिथूनच खाली जातात.” पुढचं तिने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मग रेडिओला राहवेना. तो बाजूने वाकून म्हणाला, “दाद्या, फार दुखत नाही ना?”

आणि दादाने सवयीने मान हलवायला घेतली!

ठमीच्या तळव्यांखाली ती हालचाल सुरू झाली आणि तिथेच दाबली गेली. कडे, पाणी, शेवाळं यांची धास्ती तिने घेतलीच होती. आपल्या बोलण्यात एवढा धोका असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण बोलतो काय, तर येतोस ना, जेवलास ना, बरा आहेस ना. समोरच्याची मान हलल्याशिवाय आपलं वाक्य पुरं होत नाही. त्यातून हा माणूस जन्मभर मानेनेच बोललेला.

“ऐका,” ती म्हणाली. “इथून पुढे कुणी ‘ना’ म्हणायचं नाही. हो-नाही उत्तर येईल असा एकही प्रश्न याला विचारायचा नाही. बाजूने हाक मारायची नाही. बोलायचं तर याच्या डोळ्यांसमोर येऊन. दादा, तू फक्त तोंडाने बोलायचं.”

“शिक्षा आहे,” दादा म्हणाला.

गाठ्या उपग्रहाचा फोन घेऊन वरच्या कपारीत चढला, कारण खाली आभाळाची चिंधीच दिसत होती. परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. हेलिकॉप्टर येणार होतं, पण या चिंचोळ्या घळीत ते उतरणार कुठे? डोहापलीकडचा वाळूचा पट्टा, तेवढीच मोकळी जागा. तिथपर्यंत आणा, म्हणाले. पायी येणारी माणसं उद्या पोचली असती. आणि इकडे दुपार चढत होती. डोंगरमाथ्यावरचं बर्फ उन्हाने वितळलं की नदी रोज फुगायची. आदल्या दिवशीच्या पाण्याची ओली रेघ, ते बसले होते त्या खडकाच्या हातभर वर होती. हलवावं तर भीती, न हलवावं तर बुडणं ठरलेलं.

“मी चालत येतो,” दादा म्हणाला.

“नाही.”

“बरं. मग तिघांतल्या एकाला झऱ्याकडे पाठव. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“तुला उचलायला तिघं लागतात.”

“ठमे, पाणी आज हिरवं होणार. मला माहितीये.” डोकं हलवता येत नव्हतं, त्यामुळे डोळ्यांतून आलेलं पाणी सरळ कानांत जात होतं. “पुन्हा मिळायचं नाही मला हे.”

इस्पितळात तिने एक फोटो काढला असता, काचेवर लावला असता आणि काय ते दिसलं असतं. इथे तिच्याजवळ काय होतं? एक सैल पट्टा आणि उठायची एक तऱ्हा. उद्या मान नुसती लचकलेली निघाली तर? भावाचं सगळं आयुष्य ज्या एका वळणापलीकडे होतं, तिथून तिने त्याला आपल्या भित्रेपणापायी परत नेलं, असंच झालं असतं.

“दादा, मला खात्री नाही,” ती म्हणाली. “फोटोशिवाय कुणालाच नसते. मान धड निघाली तर जन्मभर तुझे टोमणे ऐकीन. पण मी तुला चालू देणार नाही आणि एकालाही तिकडे पाठवणार नाही.”

त्याने डोळे मिटले. “ने,” तो म्हणाला.

गाठ्याने तीन पाठपिशव्यांच्या धातूच्या चौकटी एकापुढे एक ठेवून दोराने अशा आवळल्या की फळीच झाली. वर झोपायच्या चटया. ठमीच्या सांगण्यावरून रेडिओने एक चटई कापून मानेभोवती गुंडाळली, मोज्यांत वाळू भरून डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवली आणि कपाळावरून चिकटपट्टी फळीला ताणून बांधली. एवढं करूनही डोक्यावरचे हात तिने काढले नाहीत. पट्ट्या ढिल्या होतात, मोजे घसरतात, हाताला मात्र कळतं.

मग निघाले. ती डोक्याशी, आणि एका कडेला गाठ्या, दुसऱ्या कडेला रेडिओ. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा पाऊल. जिथे दगड उंच तिथे फळी आधी टेकवायची, आपण चढायचं, मग पुढे सरकवायची. सकाळी गप्पा मारत ओलांडलेल्या धोंड्यांनी आता नाकी नऊ आणले. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. वितळलेल्या बर्फाचं पाणी, हाडांत शिरणारं. वाकून वाकून ठमीची कंबर भरून आली होती. प्रत्येक धक्क्याला ती म्हणे, “दादा, बोटं हलव,” आणि फळीच्या टोकाला बुटांची टोकं हलली की पुढचा श्वास घेई.

रेडिओ मात्र बोलत होता. बोलल्याशिवाय त्याचे पाय चालत नसत.

“तर दाद्या, तू फक्त ऐक. आठवीत आपल्याला पोहण्याच्या परीक्षेला नेलं होतं. आठवतंय ना—” त्याने जीभ चावली. “आठवत असेल, नसेल, मला घेणं नाही! मी सांगणार. तू काठावर उभा राहून मास्तरांना म्हणालास, आधी पाणी कुठून येतं ते सांगा, मग उडी मारतो.”

“शून्य मिळालं,” दादा म्हणाला.

“तोंडाने बोलला! शाब्बास!”

दादाच्या ओठाचा कोपरा हलला. मान हलली नाही. ठमीने मनातल्या मनात रेडिओचे शंभर अपराध माफ केले.

डोह आला. सकाळी तो गुळगुळीत आणि गप्प होता. आता मधोमध पाणी पिळवटून वाहत होतं. गाठ्याने दोराचं टोक कमरेला बांधलं, पोहत पलीकडे गेला आणि एका खडकाला वेढा देऊन उभा राहिला. दादाला फळीसकट रबरी होडीत ठेवलं. उशाशी ठमी गुडघ्यांवर, कडेला रेडिओ. गाठ्या दोर ओढू लागला. होडी काठापासून सुटली आणि डुलायला लागली.

मध्यावर प्रवाहाने तिला गरकन फिरवलं. ठमीने दादाचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे, कपाळावर घाम.

“ठमे,” तो पुटपुटला, “उलटी होणारेय.”

उताणा बांधलेला माणूस ओकला तर गुदमरतो. डोकं एका बाजूला वळवावं तर मान! आता एकच उपाय होता. सगळा माणूस एका तुकड्याने कुशीवर घ्यायचा, डोकं, खांदे, कंबर एका रेषेत. इस्पितळात हे करायला चार माणसं असतात आणि जमीन हलत नाही.

“रेडिओ! एक हात पलीकडच्या खांद्यामागे, एक कमरेमागे. फळीसकट तुझ्याकडे ओढायचं. माझ्या तीनवर, आधी नाही.”

“होडी उलटेल!”

“उलटू दे. एक. दोन. तीन!”

फळी उभी झाली. होडी कलली. कडेवरून बर्फाचं पाणी आत लोटलं, ठमीच्या मांड्यांवर चढलं. रेडिओने पाय समोरच्या कडेला रोवले. दादा ओकला. एकदा, पुन्हा एकदा. ठमीचे हात डोक्याला चिकटलेले, नाक छातीच्या मध्याशी सरळ, डोळे फक्त तेवढ्यावर. पलीकडे गाठ्या ओरडत होता, काय ते कळत नव्हतं. दोर ताणून तारेसारखा झाला.

“झालं,” दादा म्हणाला.

“परत. एक. दोन. तीन!”

फळी खाली आली. होडी सरळ झाली, अर्धी भरलेली, पण सरळ. आणि तेव्हा ठमीला कळलं की आपल्या बोटांना काही लागतच नाहीये. थंडीने ती लाकडं झाली होती. पकड आहे की सुटलीय, समजेना.

“रेडिओ, माझ्या हातांवर हात ठेव. आता मी माझे काढते. डोकं तुझं.”

“मी? ठमे, मला नको. माझ्या हातून काही झालं तर...”

“माझ्याही हातून होऊ शकतं. धर.”

त्याने धरलं. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच रेडिओ गप्प झाला. होडी वाळूला लागेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. गाठ्याच्या तळव्यांची सालं निघाली होती, दोर लाल झाला होता. चौघं वाळूवर पोचले तेव्हा घळीच्या तोंडाशी हेलिकॉप्टरची थडथड ऐकू येत होती. खाली उतरलेल्या माणसांनी दादाला नीट पाठफळीवर घेतलं, गळ्याला कडक पट्टा बसवला. एकाने रेडिओला सांगितलं, आता सोडा. त्याला ते तीनदा सांगावं लागलं.

इस्पितळात फोटो निघाले. ठमी तिथली डॉक्टर असूनही तिला बाहेर बाकावर बसवलं होतं, आणि एकदाचं तिला कळलं की नातेवाईक इतके प्रश्न का विचारतात. तिला वाटत होतं, मान धड निघावी. आणि वाटत होतं, धड निघाली तर याला तोंड कसं दाखवू. दोन्ही एकदमच वाटत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

तिच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. पडद्यावर दुसरा मणका होता आणि त्याचा खुंटा बुडाशी मोडून मागे झुकला होता. मज्जारज्जू आणि मोडकं हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ उरली होती. ती खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

“दोन वाटा आहेत,” नंतर ते दादाच्या डोळ्यांसमोर उभे राहून म्हणाले. “मागून पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना स्क्रूंनी जखडायचे. पक्कं काम, पण मान निम्मीच वळेल. दुसरी वाट, हाड सरळ ओढून घ्यायचं, डोक्याला बाहेरून धातूचं कडं बसवायचं आणि तीन महिने वाट पाहायची. जुळेलच असं नाही. नाही जुळलं तर मग स्क्रू. हो म्हणा, नाही म्हणा, काय ते बोलून.”

“कडं,” दादा म्हणाला. “मान वळवता आली पाहिजे मला.”

कपाळाला दोन, कानांमागे दोन, असे चार खिळे भूल देऊन बसवले. त्यांना कडं, कड्याला दांड्या, दांड्या छातीवरच्या कडक जाकिटाला जोडलेल्या. दादाचं डोकं आता धडावेगळं हलणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठमी आत गेली तेव्हा तो खिडकीशी खुर्चीत ताठ बसला होता. ती पुढ्यात स्टूल ओढून बसली.

“झरा?” त्याने विचारलं.

“कुणी पाहिला नाही. गाठ्या आज माणसं घेऊन गेला होता. पाणी स्वच्छ होतं. आलं असेल तर येऊन गेलं.”

त्याने डोळे खिडकीकडे वळवले. मग म्हणाला, “तिथे मला तुझा राग आला होता, ठमे.”

“माहितीये.”

“फोटो दाखवला मला यांनी. सगळं कळलं. पण राग अजून आहे.”

“असू दे,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तू माझ्या हातात जाणार. होडीत. मला अजूनही तेच दिसतं.”

दादाने हात पुढे केला. त्याला खाली बघता येत नव्हतं, म्हणून तो हवेत चाचपडला आणि तिच्या हाताला लागला. त्याने तिची बोटं धरली आणि दुखेपर्यंत दाबली. ठमीने डोळे पुसले आणि डॉक्टरच्या सवयीने, त्याच्या दुसऱ्या हाताचीही ताकद पाहायला, आपला दुसरा हात त्याच्यासमोर धरला. दादाने तोही तितक्याच जोराने दाबला.